पितळेला काळं फासताना

दुसऱ्याने अर्धं बिघडवलेलं काम पैसे मोजून विकत घ्यायचं आणि उरलेलं अर्धं स्वतः बिघडवायचं, याला इंग्लंडात छंद म्हणतात. भाईंदरच्या जेसल पार्कात त्याला काय म्हणतात ते आमची आई दिवसातून दोनदा सांगते, पण ते छापण्याजोगं नाही.

तिकडच्या लोकांनी ही सोय फार पद्धतशीर करून ठेवली आहे. पितळेचा पातळ पत्रा घ्यायचा, त्यावर रेल्वे इंजिनाचे सगळे भाग फेरिक क्लोराइडने कोरायचे, सोबत थोडं नरम धातूचं ओतीव सामान आणि एक टंकलेला कागद ठेवून खोकं विकायचं. गिऱ्हाइकाने घरी नेऊन भाग कापायचे, कोरलेल्या रेघेवर दुमडायचे, डाख लावून जोडायचे, की झालं वाफेचं इंजिन. खोक्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की चाकं, मोटर आणि गिअर यात नाहीत. म्हणजे इंजिन आहे, फक्त ते चालायचं कशाने आणि कशावर एवढंच आपण बघायचं.

माझ्या वाट्याला आलं ते कोरं खोकंही नव्हतं. इंग्लंडात रीडिंगला माझा पुतण्या असतो. तिथे कुणा आजोबांच्या पश्चात निघालेल्या सामानात त्याला हे जोडलेलं इंजिन दिसलं. त्याचा फोन आला, ‘‘काका, स्वस्तात मिळतंय. घेऊ?’’ या प्रश्नाला ‘नको’ असंही उत्तर असतं, हे आमच्या घराण्यात कुणालाच ठाऊक नाही. आमचा फ्लॅटसुद्धा असाच घेतलेला, रिसेलचा. आधीच्या मालकाने न्हाणीघरात गरम पाण्याच्या जागी गार आणि गारच्या जागी गरम नळ बसवून ठेवला आहे. पाहुणा आंघोळीला गेला की आम्ही बाहेरून ओरडून मार्गदर्शन करतो.

पुतण्या सुट्टीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेत जिथे चॉकलेटं असायला हवी होती तिथून बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला. वहिनीचा चेहरा त्या क्षणी पडला तो अजून वर आलेला नाही. डब्यात अर्ध्या वितीचं, हिरवट-काळं, चिकट असं काहीतरी होतं. चिमणी डावीकडे कललेली, एक पाण्याची टाकी दुसरीपेक्षा वर, आणि सगळ्या सांध्यांतून पिवळा गोंद ओघळून तिथेच सुकलेला. तळाशी तो टंकलेला कागदही होता.

‘‘हे काय आहे?’’ बायकोने विचारलं.

‘‘जिंटी.’’

‘‘चिंटी?’’

जिंटी हे लाडाचं नाव. लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेने १९२४ ते १९३१ या काळात अशी ४२२ इंजिनं बांधून घेतली. सहा चाकं, दोन्ही बगलांना पाण्याच्या टाक्या, आणि जन्मभर मुख्य काम एकच: यार्डात डबे इकडून तिकडे ढकलायचे. त्यातली बरीच व्हल्कन फाउंड्रीत तयार झाली, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आपली पहिली प्रवासी गाडी ओढणारी साहिब, सिंध आणि सुलतान ही इंजिनंही त्याच कारखान्याची. म्हणजे नात्याने ही आपल्याच घरची, असं मी आईला पटवायला गेलो. आई निवृत्त शिक्षिका, विषय इतिहास. ती म्हणाली, ‘‘ठाण्याच्या घरची असेल. ती मध्य रेल्वे झाली. आपण पश्चिमवाले.’’ भाईंदर जिल्ह्याने ठाण्यातच मोडतं, हा मुद्दा तिने बाद केला. रेल्वेच्या बाबतीत ती जिल्हा मानत नाही.

या छंदातले लोकही काही कमी सोवळे नाहीत. माझ्या जिंटीच्या मापात खऱ्या इंजिनाच्या एका फुटाला चार मिलिमीटर धरतात. पण छंद नवा होता तेव्हाच्या मोटरी इंग्रजी इंजिनांच्या पोटात मावेनात, म्हणून वरचं शरीर मोठं केलं आणि खालचे रूळ होते तेच, साडेसोळा मिलिमीटर अंतराचे, ठेवले. थोरल्या भावाचा सदरा आणि धाकट्याची चड्डी घालून मुलाला लग्नाला न्यावं, तसा हा प्रकार गेली कित्येक दशकं राजरोस चालू आहे. ज्यांना ते सहन झालं नाही त्यांनी १८.२ मिलिमीटरचा वेगळा पंथ काढला. त्यांच्यातल्या कडव्या लोकांनी हिशेब पुन्हा तपासून १८.८३चा तिसरा काढला. १८.८३वाला १८.२वाल्याच्या घरी चहा घेईल, पण मुलगी देणार नाही. माझं इंजिन साडेसोळाचं, म्हणजे अगदीच खालच्या पंगतीतलं. मी मात्र भारतीय ब्रॉडगेजचा हिशेब केला. साडेपाच फूट म्हणजे बरोबर बावीस मिलिमीटर, कुठे अपूर्णांक नाही, कुठे भांडण नाही. अशा बाबतीत आपल्या देशाचं मन मोठं आहे.

पण गेजचा प्रश्न फार पुढचा. आधी डागडुजी. आणि पितळेच्या वस्तूची एक गंमत असते. ती घरात आली की आपलं मत सांगितल्याशिवाय कुणाला चहा गोड लागत नाही. लाकडाबद्दल लोक सुताराला विचारतात, सोन्याबद्दल सोनाराला. पितळ मात्र सगळ्यांना कळतं.

पहिलं मत भंगारवाल्याचं. आईनेच त्याला खालून हाक मारून वर बोलावलं. त्याने इंजिन हातावर तोललं, नखाने खरवडलं, चिमणीला कान लावला आणि म्हणाला, ‘‘मिक्स माल है, साहब. पितळ का भाव नहीं मिलेगा.’’ मी विकणार नव्हतो, तरी त्या दिवशी मला फार लागलं.

दुसरं मत आमच्या मजल्यावरच्या शेठजींचं. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचे कारखाने आहेत, त्यातल्या एका गाळ्यात यांचं बफिंगचं काम चालतं. माणूस उदार. वस्तू निर्जीव असो वा सजीव, तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे हे त्यांचं तत्त्वज्ञान. ‘‘साहेब, एक दिवस द्या. आरसा करतो.’’

‘‘शेठजी, यावर बारीक रिव्हेट आहेत.’’

‘‘ते पण जातील,’’ त्यांनी मला धीर दिला.

तिसरे आमचे मोटरमन काका. पश्चिम रेल्वेतून निवृत्त झाले, पण ड्युटी संपलेली नाही. रोज संध्याकाळी जेसल पार्क चौपाटीवर बसतात आणि खाडीवरच्या पुलावरून जाणारी प्रत्येक गाडी पास करतात. ‘‘विरार आज लेट आहे,’’ ‘‘याने ब्रेक लवकर घेतला,’’ ‘‘हा नवा मुलगा दिसतो.’’ लांबून, अंधारात, खाडीच्या या काठावरून त्यांना हे कसं दिसतं ते विचारायची कुणाची छाती नाही. त्यांनी इंजिन उलटं करून पाहिलं आणि निदान केलं, ‘‘ब्रेक बाइंडिंग.’’

‘‘काका, याला ब्रेकच नाहीत.’’

‘‘मग तेच कारण.’’

आधीच्या मालकाने काही सांधे डाखाने आणि काही गोंदाने जोडले होते, आणि जिथे मनात शंका आली तिथे दोन्ही वापरलं होतं. ते सोडवायचं म्हणजे गरम करायचं. असला गोंद उकळत्या पाण्यात नरम पडतो. मी माळ्यावरून टाकाऊ प्रेशर कुकर काढला, पाणी घातलं, जिंटीला जाळीवर बसवलं आणि झाकण लावलं. थोड्या वेळाने शिट्टी झाली. वाफेवर चालणाऱ्या इंजिनाच्या या वंशजाला आयुष्यात पहिल्यांदा वाफ मिळाली होती आणि शिट्टीही. माझे डोळे भरून आले. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, ‘‘किती शिट्ट्या घ्यायच्या असतात रे इंजिनाला?’’

तिसऱ्या शिट्टीनंतर झाकण उघडलं. गोंद सुटला होता. पण अशा मॉडेलांत ओतीव भाग बसवायला जो खास नरम डाख वापरतात तो सत्तर अंशांनाच वितळतो. कुकरात त्याहून पुष्कळच जास्त झाले होते. त्यामुळे जे सुटायला हवं होतं ते सुटलं आणि जे चांगलं बसलेलं होतं तेही सुटलं. चिमणी, घुमट, बफर, टाक्या, सगळं जाळीखाली तळाशी. कुकरात डाळ लावावी आणि डाळच निघावी, याला खरं तर अपयश म्हणता येत नाही. टंकलेल्या कागदात तरी पहिली सूचना हीच होती, ‘सर्व भाग वेगळे करून घ्या’.

आता ते सगळं चाळणीत निथळत ठेवून मी कचेरीत गेलो, तर परत येईपर्यंत आईने ते चिंच-मिठाने घासून काढलं होतं.

इथे कबूल केलं पाहिजे की बाजारात मिळणाऱ्या कुठल्याही रसायनाने जे झालं नसतं ते चिंचेने केलं. जेसल पार्कात खाडीचा खारा वारा आहे, जवळच मिठागरं आहेत. इथे पितळ उघड्यावर ठेवलं की त्याला चार दिवसांत दुःख झाल्यासारखा रंग येतो. आईने तो पार काढला. काही ठिकाणी जरा जास्तच काढला, कारण आंबटाने पितळेतलं जस्त निघून जातं आणि नुसतं तांबं वर येतं. त्यामुळे जिंटीची एक बाजू लाजल्यासारखी गुलाबी झाली होती. पण चमक अशी की शेठजी दारातून जाताना थबकले आणि पुन्हा आत आले.

संध्याकाळी भाग मोजले तर एक टाकी कमी. ती देवघरात होती, बाळकृष्णाच्या शेजारी, हळद-कुंकू लावून.

‘‘आई, हे विलायती आहे.’’

‘‘मग काय झालं? चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, तेव्हा पोर्तुगीजांच्या घंटा आणून आपल्या देवळांत टांगल्याच ना? आजही वाजतात. तुझं इंजिन तर अजून वाजतही नाही.’’

इतिहासाच्या शिक्षिकेशी वसईच्या खाडीकाठी वाद घालू नये. टाकी एक आठवडा देवघरात राहिली.

जोडणीला बसलो तो पावसाळ्यात. डाखकामाचा आणि पंख्याचा छत्तीसचा आकडा. पंखा लावला तर पत्रा थंड पडून डाख गुठळी होऊन बसतो. बंद ठेवला तर कपाळावरचा घाम नेमका सोल्डरिंग आयर्नच्या टोकावर पडून फस्स करतो आणि घरातले लोक ‘‘काय जळलं?’’ म्हणत धावत येतात. खिडकी उघडली की डास. त्यात डाख धरावा म्हणून आधी लावायचं ते आम्लाचं पाणी. तेही रात्री नीट धुतलं नाही तर सकाळपर्यंत सांधे हिरवे होतात. मग आई चिंच भिजत घालते. मग मी भाग मोजतो. मग देवघर बघतो.

सर्वांत वाईट म्हणजे हँडरेलच्या गुंड्या. इंजिनाच्या अंगाला धरायला जी दांडी असते, ती अडकवायच्या या पितळी गुंड्या. चिमट्यात धरून जरा दाब वाढला की टिंग असा आवाज येतो आणि गुंडी या जगात राहत नाही. एकदा तो टिंग ओट्याच्या दिशेने झाला. मी जमिनीवर पालथा, हातात मोबाइलचा दिवा. ओट्यावर मिसळणाचा डबा उघडा होता, तिकडे माझं लक्ष नव्हतं. बायकोने फोडणी टाकली आणि जरा वेळाने शांतपणे म्हणाली, ‘‘अहो, एक मोहरी तडतडत नाहीये.’’

ती गुंडी आज डाव्या टाकीवर पुढून दुसरी आहे. तिला हिंगाचा वास येतो असं माझं म्हणणं आहे, पण मी ते कुणाला सांगत नाही.

मध्यंतरी मनाला उभारी यावी म्हणून सहकुटुंब पुण्याला जाऊन आलो. कोथरूडला भाऊ जोशींनी जन्मभराच्या हौसेतून उभं केलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८च्या एक एप्रिलला सुरू झालेलं. सिग्नल, बोगदे, डोंगरातली झुकझुक गाडी, सगळं एका खोलीत आणि सगळं चालतं. मला वाटलं, घरच्यांना आता तरी या कामाची थोरवी कळेल. परतीच्या गाडीत खंडाळा येईपर्यंत कुणी बोललं नाही. मग बायको एवढंच म्हणाली, ‘‘त्यांची चालतात.’’

माझंही चालेल असं जाहीर केलं आणि चाकांना हात घातला. टंकलेल्या कागदावर चाकांबद्दल एकच ओळ होती, ‘नेहमीप्रमाणे बसवावीत’. नेहमीचं म्हणजे काय, तर डाव्या चाकाचा दांडा जिथे असेल त्याच्या काटकोनात उजव्या चाकाचा हवा. खऱ्या इंजिनात तो असतो, कारण एका बाजूचा दट्ट्या टोकाला पोचून अडला तरी दुसऱ्या बाजूचा ऐन जोरात असतो, त्यामुळे इंजिन कुठेही उभं राहिलं तरी पुन्हा निघू शकतं. मॉडेलमध्ये दट्ट्या खोटा, वाफ खोटी, पण काटकोन मात्र खराच लागतो, आणि तोही तिन्ही आसांवर तंतोतंत सारखा. केसभर फरक पडला तर दांड्या एकमेकींना ओढतात आणि इंजिन लंगडतं. माझ्या एका आसावर काटकोन, दुसऱ्यावर काटकोनासारखं काहीतरी, आणि तिसऱ्याने आपलं वेगळंच भूमितीचं पुस्तक वापरलेलं होतं.

चाचणीच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर रूळ मांडले. मोटरमन काका धुतलेला शर्ट घालून आले.

‘‘सप्लाय काय?’’

‘‘डीसी. बारा व्होल्ट.’’

काकांचा चेहरा उजळला. ‘‘डीसी! वा! आमची पंधराशेची होती. २०१२ला पश्चिमेवरून ती गेली आणि पंचवीस हजारांचा एसी आला. पण डीसीची गाडी उचल घ्यायची ना, ती वेगळीच.’’ त्यांनी उजवा हात हँडलवर असल्यासारखा धरला. ‘‘गार्ड कोण?’’

‘‘गार्ड नाही, काका.’’

‘‘गार्डने दोन घंट्या दिल्याशिवाय मी गाडी हलवत नाही.’’

आईने देवघरातली घंटा आणली. टिंग टिंग. मी बटण फिरवलं. जिंटी थरथरली, पाव फेरा पुढे गेली, अडली, आणि मग अख्खीच्या अख्खी उलटी निघून आमटीच्या भांड्यावर आदळली.

सगळे गप्प. शेठजींनी आमटी पुसून घेतली. काका मात्र समाधानाने म्हणाले, ‘‘शंटिंगचं इंजिन आहे. उलटं जाणारच.’’ रेल्वेच्या माणसाकडे प्रत्येक अपघाताचं खुलाशासकट उत्तर तयार असतं.

मग आस काढले, काटकोन लावले, पुन्हा काढले. शेठजींनी त्यात एकदा पुढचा बफर बीम ‘नुसता बघायला’ म्हणून नेला आणि त्यात चेहरा पाहून भांग पाडता येईल असा करून आणला. रिव्हेट खरंच गेले होते. मी तो उलट्या बाजूने सुईने टोचून पुन्हा पुरळ आणलं. आणि एके दिवशी, नक्की कशामुळे ते मी शपथेवर सांगू शकणार नाही, जिंटी टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत न लंगडता गेली. घंटा वाजली. बायकोने टाळ्या वाजवल्या. आईने नजर काढली.

माझ्या अब्रूचा हा सर्वोच्च बिंदू. चमचम करणारं पितळी इंजिन टीव्हीशेजारी उभं, शेजारीपाजारी येऊन बघतायत, भंगारवालासुद्धा वर येऊन म्हणून गेला की आता मिक्स वाटत नाही. इथे थांबलो असतो तर सोसायटीने माझा नारळ देऊन सत्कार केला असता.

पण जिंटी काळी असते. यार्डात राबणाऱ्या इंजिनाला कोण सोनेरी ठेवणार? मी गच्चीत वर्तमानपत्र पसरलं, तिच्यावर आधी करडा हात मारला आणि मग काळा. खाली आणली तेव्हा घरात जे झालं ते मी आजवर फक्त बारशाला मुलाचं जावळ परस्पर काढून आणणाऱ्या बापाच्या घरी झालेलं ऐकलं होतं.

‘‘काळं?’’ आई म्हणाली. ‘‘मी पाच वेळा चिंच लावली ती काळं फासायला?’’

शेठजींना तर बसायला खुर्ची द्यावी लागली. ‘‘साहेब, पितळ होतं ते. पितळ! असं करायचं होतं तर पत्र्याचं घ्यायचं.’’ त्यांनी इंजिनाकडे पाठ केली आणि पाणी मागितलं.

त्यांना पुढची पायरी कशी सांगावी हे मला कळेना. कारण काम अजून संपलेलं नव्हतं. नवंकोरं काळं इंजिन खोटं दिसतं. खऱ्यावर काजळी असते, टाकीच्या कडेने पाणी ओघळून पांढरे डाग पडलेले असतात, चाकांवर गंजाची तांबूस धूळ बसलेली असते. छंदातली खरी कला म्हणतात ती हीच. मी रात्री सगळे झोपल्यावर बारीक ब्रश घेऊन बसलो. काजळी केली, गंज केला, चिमणीखाली तेलाचा ओघळ काढला. आणि शेवटी सांध्यांजवळ अगदी हलका हिरवट हात मारला.

सकाळी आई चष्मा लावून बराच वेळ बघत राहिली.

‘‘हे डब्यातून निघालं तेव्हा असंच होतं ना रे?’’

‘‘साधारण.’’

‘‘मग आधीच का नाही ठेवलंस तसंच?’’

या प्रश्नाचं उत्तर शोधत मी चौपाटीपर्यंत चालत गेलो. बाकावर मोटरमन काका होते. मी खिशातून जिंटी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती पुलाच्या दिशेने धरली, एक डोळा मिटला आणि पहिल्यांदाच काही बिघाड काढला नाही. म्हणाले, ‘‘आता ड्युटीवरची वाटते.’’ मग बोटाने केबिनच्या आत चाचपलं. ‘‘पण ड्रायव्हर कुठाय?’’

खरंच, ड्रायव्हर नव्हता. अशा कामासाठी नखाएवढी धातूची माणसं मिळतात, रंगवून बसवायची. मी ते सांगायचा अवकाश, काकांनी तिथेच बाकावर बसून मला आपला डावा गाल दाखवला, मग उजवा. मिशी हवी. पोट आहे तेवढंच, वाढवायचं नाही. टोपी नको. वाफेवर कधी चालवली नाही, पण शिकायला किती वेळ लागतो?

मी हो म्हणून आलो. ही बातमी रात्रीपर्यंत दोन्ही विंगमध्ये पोचली. वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हरखेरीज एक फायरमनही असतो, हे शेठजींना कुणी सांगितलं कोण जाणे. काळ्या रंगावरचा राग विसरून ते सकाळी हजर, म्हणे कोळसा टाकायचं काम मला द्या, भट्टीची सवय आहे. त्यांच्या मागोमाग सेक्रेटरी आले. त्यांचं म्हणणं, पदाधिकारी म्हणून पहिला हक्क त्यांचा, आणि शेठजींचा तीन महिन्यांचा मेंटेनन्स बाकी आहे. केबिनमध्ये जागा दोघांचीच, आणि एक काकांनी धरलेली. शेवटी असं ठरलं की फायरमनच्या नेमणुकीचा विषय येत्या वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयांत घ्यायचा. नोटीस खाली फळ्यावर लागली आहे. त्यावर आणखी कुणीतरी पेनाने लिहिलंय, ‘महिलांसाठी राखीव का नाही?’ अक्षर आईचं आहे.